राईची उंची

मंगळवारी संध्याकाळपर्यंत नूतनने तोच नकाशा सहाव्यांदा काढला, आणि सहाव्यांदाही संगणकाने जननीवाडीच्या पदरात नऊ हेक्टर टाकले. बंधारा मंजूर व्हायला चाळीस लागत होते. अर्ज शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होते.

नूतन आंबवड्याची. भोरमधल्या एका संस्थेत ती पाणलोटाचे नकाशे करायची, म्हणजे ओढ्यावरच्या एखाद्या जागी कुठून कुठून पाणी येऊन मिळतं तेवढा मुलूख आखून द्यायची. उपग्रहाने जमिनीची उंची मोजलेली असते. तीस-तीस मीटरचे चौकोन, प्रत्येकाला एक उंची. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या सगळ्यात खोल चौकोनात ढकलतं. बंधाऱ्याची जागा दाखवली की वरचा मुलूख रंगवून देतं. एरवी अर्ध्या दिवसाचं काम. वेल्ह्याच्या डोंगरातल्या या एका वाडीने मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते. नकाशावर वाडीचा ओढा मधेच अडायचा, तुंबायचा आणि खिंडीवरून सांडून पलीकडच्या खिंडवाडीला जाऊन मिळायचा. खिंडवाडीला पहिल्या झटक्यात त्र्याहत्तर हेक्टर मिळाले होते, त्यांचा अर्ज कधीच गेला होता.

"सॉफ्टवेअरचं काय वाडीशी वैर आहे का?" योजनेचं काम बघणारे पुण्याचे कुमार सर फोनवर म्हणाले. "पाणी तिकडे जात असेल तर जात असेल."

जात असेल म्हणे! जननीवाडीच्या बायका दर वर्षी मार्चपासून पावसापर्यंत हंडे घेऊन पाऊण तास डोंगर उतरायच्या आणि तेवढाच चढायच्या. पाच-सहा महिने दारावरून वाहून जाणारा ओढा कुणाचा, हे त्यांना आभाळातून कुणी सांगायची गरज नव्हती. नूतनने फोन ठेवला आणि संगणकाला एक शिवी हासडली.

बुधवारी ती स्कूटर घेऊन वाडीवर गेली. पाणी समितीच्या धोंडाबाई तिला ओढ्याच्या काठाने वर घेऊन निघाल्या. देवीच्या नावाने राखलेली राई आली तशी त्यांनी वहाणा काढल्या, नूतननेही बूट काढले. दिवाळी होऊन गेली तरी ओढा वाहत होता, आणि तो सरळ राईतूनच खाली येत होता.

"बघ की," धोंडाबाई म्हणाल्या. "हितं कुठं मागं फिरतोय त्यो?"

नूतनने वर पाहिलं. आंबे, हिरडे, बेहडे, जांभळी. नऊ-दहा मजली घरं एकमेकांना चिकटून उभी राहावीत तशी झाडं. फांदी मोडायची इथे कुणाची छाती नव्हती, पडलेलं लाकूडसुद्धा जागेवर कुजत होतं. आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. उपग्रहाने वरून पाहिलं, त्याला जमीन दिसलीच नव्हती. त्याने शेंडे मोजले होते आणि तीच जमीन धरली होती. ओढ्याच्या वाटेत आडवी टेकडी! खाली ती नव्हतीच.

"सापडलं, मावशी," ती म्हणाली. राईतून खाली येईपर्यंत ती ओढ्याची एकेक खूण मोबाईलवर नोंदवत राहिली.

गुरुवारी तिने ओढ्याच्या वाटेवरच्या चौकोनांची उंची उतरवली. पाणी सुरळीत खाली आलं. बावन्न हेक्टर. ती खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होती.

"हे चालणार नाही," शुक्रवारी सकाळी कुमार सर म्हणाले. "तपासणारे तोच मूळ डेटा घेऊन स्वतः चालवतात. आकडा जुळला नाही की अर्ज बाद. हाताने दुरुस्ती नको, असं नियमातच आहे."

"सर, ती टेकडी नाहीये. झाडं आहेत. कुणीतरी एकदा येऊन बघा."

"येऊन बघायची तरतूद नाही गं. मी तरी काय करू?"

नूतनने तरीही अर्ज भरला. फोटो जोडले, दोन पानी पत्र जोडलं. सोमवारी एका ओळीचं उत्तर आलं: पाणलोट क्षेत्र अपुरं. पत्र कुणी उघडलंसुद्धा नसणार. रागाने तिला त्या दिवशी डबा गेला नाही.

मंगळवारी ती हे सांगायला वाडीवर गेली. धोंडाबाई राईच्या कडेला गवत कापत होत्या. विळा बाजूला ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग खिंडवाडीचं कसं झालं?"

"त्यांचा डोंगर उघडा आहे, मावशी. जमीन दिसली, बरोबर मोजली गेली. वर तुमचं पाणीही त्यांच्याच नावावर चढलं."

"त्यांनी राई तोडायला ठेकेदाराला इकली, तवा मी नवी नवरी हुते. म्हंजी आमीबी इकली असती तर बंधारा झाला असता."

खोटं बोलावं असं नूतनला फार वाटलं. "झाला असता," ती म्हणाली.

धोंडाबाईंनी वाडीकडे पाहिलं. "ह्ये वाडीत बोलू नगंस. ठेकेदार अजून चकरा मारतोय. चार घरं फितल्याली हायेत, बाकीच्यांस्नी निमित्तच पायजे."

देवळापुढे माणसं जमली होती. बायका हंडे उतरवून उभ्या राहिल्या. "काय झालं पोरी?" म्हाताऱ्या कुंडलिकअण्णांनी विचारलं. "कशापायी नाकारलं?"

नूतनने सहा दिवस पाठ केलेलं सगळं उत्तर गिळलं. "माझी चूक झाली, अण्णा. नकाशा चुकला माझा."

"तरी म्या म्हणत हुतो," अण्णा म्हणाले, "कुणा जाणत्याला धाडा. एक उन्हाळा आणिक गेला आमच्या बायकांचा." कुणीतरी मागून आणखी काही बोललं, ते जास्त लागणारं होतं. नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय," धोंडाबाई सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, "हिचंच चुकलं." नूतनने मान हलवली.