वाढत्या मापाची खुर्ची

सल्ला फुकट मिळतो, आणि अमडापुरात तर तो घरपोच मिळतो. महामायाची मयुरी चार वर्षांची झाली तरी बसवली की एका अंगावर कलंडायची. कुणी लसणाच्या तेलाची मालिश सांगितली, कुणी लेकराला कमरेपर्यंत मातीत पुरून उभं करायला सांगितलं, आणि एक पाहुणा तर पोरीला पळायला लावणाऱ्या इंजेक्शनवाल्याचा नंबरच घेऊन आला. महामायाने सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

चिखलीच्या थेरपीवाल्या मॅडमनी तिला खरं ते सांगितलं होतं. जन्माच्या वेळी मेंदूला बसलेला मार कुठल्याच औषधाने पुसला जात नाही. पण बसायला, धरायला, बोलायला शिकवता येतं, रोज, कंटाळा न करता. त्या दिवशी महामाया एसटीत घर येईपर्यंत रडली. दुसऱ्या दिवसापासून पोरीचे ताठरलेले पाय ताणायचा व्यायाम तिने एकदाही चुकवला नाही.

अडलं होतं ते अंगणवाडीत. सेविका सारिकाताई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या.

"पोरगी बसतच नाही, माय. पडली-झडली तर मले कोन सोडीन?"

"बसली तर घेसान?"

"बसली तर काऊन नाही घ्यायची?"

मॅडमनी खुर्चीचं चित्र काढून दिलं: कोपऱ्यासारखी पाठ, कमरेला पट्टा, पाय टेकायला फळी. गावातले सुतार बद्रुद्दीनचाचांनी ती सागवानाची केली, घासून अगदी गुळगुळीत. पण मयुरीला बसवलं तर पाय हवेत आणि अंग डावीकडे.

"चाचा, इतकी ढिली काऊन?"

"चार बोटं वाढीव ठेवली, बेटा. लेकराची चीज हाय, वाढत्या अंगाचीच करतात. दोन-तीन साल निघतीन."

चाचांना तरी काय बोलणार? फ्रॉक, चपला, गणवेश, सगळं आपण पोर वाढेल या हिशेबानेच घेतो. तरीही महामायाला भयंकर राग आला. चार वर्षं सगळेजण तिच्या लेकीला पुढच्या कधीतरीवर ढकलत आले होते. मोठी झाली की बसेल, मोठी झाली की बोलेल, मोठी झाली की बघू.

"कापा," ती म्हणाली.

"सागवान हाय बेटा. कापलं का मंग जोडता येत नाही."

"मले जोडायचंच नाही. वाढली का दुसरी करू. तिले आज बसायचं हाय."

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली आणि या वेळी चित्राचं नाही, पोरीच्याच कमरेचं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. करवत चालली तशी मयुरी उडणाऱ्या भुशाकडे बघून खिदळत राहिली.

सोमवारी महामाया डोक्यावर खुर्ची आणि कडेवर मयुरी घेऊन अंगणवाडीत गेली. सारिकाताईंनी दारामागचा कोपरा दाखवला. "तिकडं ठेवा, पोरं धक्का देतीन." महामायाने खुर्ची सगळ्यांच्या पुढे, फळ्यासमोर मांडली आणि पट्टा आवळला. मयुरी ताठ बसली.

खिचडी आली. महामाया सवयीने भरवायला वाकली, तेवढ्यात मयुरीने हात उचलला. तो आधी कानाकडे गेला, मग खांद्याकडे, मग ताटलीत पडला. चार शितं तोंडात गेली, बाकीची आईच्या अंगावर. सारिकाताई फडकं घेऊन धावल्या. महामायाने पुन्हा घास केला, तर मयुरीने तो ढकलून दिला. मान वेळावत, एकेक शब्द ओढून काढत ती सगळ्या पोरांसमोर म्हणाली,

"आई... तू... जाय."

महामाया गेली. दाराबाहेर तिने डाव्या पायात उजवी चप्पल घातली आणि तशीच घरापर्यंत चालत आली.