दोन बोटं डावीकडे

स्टिअरिंगच्या पोटातला सातवा स्क्रू निघाला तेव्हा भिंगरीचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून तिने तो दातांत धरला. आईने तो तिच्या तोंडातून अलगद काढला आणि बाजूच्या डबीच्या झाकणात टाकला.

"गिळलास तर माझ्याकडे उपाय नाही. मी दात करते, पोट नाही."

मागच्या खोलीतलं ते टेबल आईच्या कामाचं. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, आई कवळ्या करून द्यायची. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे वीस-पंचवीस जबडे ओळीने मांडलेले, सगळे एकजात दात विचकून खाली बघत असलेले. रविवार असल्यामुळे आज टेबल भिंगरीला मिळालं होतं, तेही कुठल्याच वस्तूला हात न लावण्याच्या अटीवर. ती अट पाच मिनिटंसुद्धा टिकली नव्हती. नववीतल्या या मुलीला एका जागी बसलेली तिच्या जन्मापासून कुणी पाहिलं नव्हतं, आणि नाव कितीही चांगलं ठेवलं असलं तरी घरात ती भिंगरीच होती.

आज तर भिंगरीला चावी दिल्यासारखं झालं होतं. पुढच्या रविवारी शाळेच्या गटातली चार मुलं मोटार-शर्यतीच्या खेळाच्या अंतिम फेरीला जाणार होती. कोण चार, ते आज सहा वाजता ठरणार. ज्याने-त्याने आपापल्या घरून एकाच ट्रॅकवर गाडी पळवायची, सगळ्यात कमी वेळाची फेरी यादीत चढायची. दुपारी एकपर्यंत भिंगरी चौथी होती आणि जेवणाच्या ताटावरही नाचत होती. दीड वाजता वर्गातली, जिला सगळे मुंगी म्हणत ती मुलगी तिला दोन दशांश सेकंदांनी मागे टाकून चौथी झाली. मुंगीचा निरोपही लगेच आला: एवढा वेळ जागा धरून ठेवल्याबद्दल आभारी आहे.

भिंगरी तावातावाने खेळायला बसली. तिसऱ्या वळणावर स्टिअरिंगच्या आत 'फट' झालं आणि ते हातात मान टाकल्यासारखं लोंबकळायला लागलं.

झाकण उघडल्यावर रोग लगेच दिसला. आत दांड्याच्या दोन बाजूंना दोन जाड रबरी पट्टे होते. स्टिअरिंग कुठेही फिरवलं तरी दोघे आपापल्या बाजूने ओढून त्याला परत मध्ये आणायचे. त्यातला उजवा तुटला होता.

आईने दोन्ही पट्टे काढले, एकमेकांशेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तुटलेल्याचे दोन तुकडे जोडून धरले तरी तो डाव्यापेक्षा चांगला करंगळीभर लांब भरत होता.

"हा आज तुटला. पण सैल पडून बरेच महिने झालेत," ती म्हणाली. "ही पिवळी पट्टी कुणी चिकटवली वरती?"

पट्टी भिंगरीनेच चिकटवली होती. मामेभावाने हे जुनं स्टिअरिंग दिलं त्याच दिवशी, सरळ कुठे ते चटकन दिसावं म्हणून. आईने बोट ठेवलं तिथे स्टिअरिंगच्या कड्यावरच्या रबरात कोरलेली मूळची बारीक रेघ होती. पट्टी आणि रेघ यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं.

"म्हणजे हे पहिल्यापासून दोन बोटं डावीकडे कलूनच उभं राहायचं."

"पण गाडी तर सरळ जायची."

"तार जोडताना जिथे असेल त्यालाच हे यंत्र सरळ समजतं, असं मघाशी तूच म्हणालीस."

भिंगरीला आधी हसू आलं आणि मग एकदम अंगात वीज शिरल्यासारखं झालं. वाकड्या स्टिअरिंगवर ती चौथी आली होती. मग सरळ असतं तर? तिने उभ्या उभ्याच एक गिरकी घेतली. फळीवरचा एक जबडा हलला, तो आईने वरच्यावर सावरला.

आईच्या गॅसच्या शेगडीची जुनी रबरी नळी खणात पडून होती. आईने तिचे दोन तुकडे कर्कटकाने मापून कापले, ओढून पाहिले, एकाचा केसभर भाग पुन्हा छाटला. भिंगरी घड्याळाकडे आणि आईच्या हातांकडे आलटून पालटून बघत होती. एवढं बारीक कशाला, असं तिने दोनदा विचारलं. आईने दोन्ही वेळा ऐकलं नाही. शेवटी गाठी आवळल्या. मोकळी टोकं मिशांसारखी बाहेर राहिली. स्टिअरिंग सोडलं की टुणकन मध्ये येऊन थांबायला लागलं, रेघ बरोबर माथ्यावर.

पाच वाजायला दहा कमी होते. झाकण न लावताच भिंगरीने तार संगणकाला जोडली, एक श्वास घेतला आणि सरळ रस्त्यावरच गाडी डावीकडच्या गवतात घातली.

दुसऱ्यांदाही तेच. हात आपणहून जुन्या जागी जात होते, दोन बोटं डावीकडे. तिसऱ्या फेरीत तिने डोळ्यांत तेल घालून गाडी रस्त्यावर ठेवली, तेव्हा वेळ आली ती तिच्या स्वतःच्याच वेळेपेक्षा तीन सेकंदांनी वाईट. सव्वापाचला ती दीड सेकंदावर आली. साडेपाचला एकावर. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. तिकडे मुंगीने विचारलं होतं की चहा घेत घेत वाट बघू की नुसती बघू.

"बिघडवलंस तू ते," भिंगरी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

आईने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"नवी कवळी बसवली की माणूस पहिले आठ दिवस बोबडं बोलतो. जुनी वाकडी असते, पण जबड्याने तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं. नवी बरोबर असते, म्हणून टोचते. काही जण चौथ्या दिवशी येतात आणि म्हणतात, आमची जुनीच द्या."

"मग तू काय करतेस?"

"देते. त्यांचं तोंड आहे." आईने उघड्या स्टिअरिंगमध्ये बोट घातलं. "उजवी गाठ थोडी सैल केली की होतं तसंच होईल. दोन मिनिटांचं काम. करू?"

सहाला पंचवीस मिनिटं होती. जुन्या स्टिअरिंगवर दोन दशांश काढणं भिंगरीच्या हातचा मळ होता. पुढच्या रविवारी मात्र आयोजकांचीच स्टिअरिंगं असणार होती, चाळीसच्या चाळीस एकसारखी, सगळी सरळ. पण त्यासाठी आधी पुढचा रविवार मिळायला हवा होता.

तिने टेबलावरची कात्री उचलली. आईने गाठ सोडायला हात पुढे केला. भिंगरीने कात्री आत घालून डावी मिशी गाठीला लागून कापली. मग उजवी.

आईने त्या बोडक्या गाठी बोटाने दाबून पाहिल्या.

"आता ही माझ्या बापालाही सुटायची नाही," ती म्हणाली आणि स्टूल मागे घेतलं.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं भिंगरी खुर्चीवरून उठली नाही, आणि असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. पिवळी पट्टी तिने नखाने ओरबाडून काढली. उजवी वळणं अजून रुसलेलीच होती. पण डावीकडचं ते अरुंद वळण, जिथे रोज गाडी तिच्या हातून निसटायची, तिथे आता गाडी मांजरासारखी आत शिरून बाहेर पडत होती. दर वेळी ती तिथे आली की तिचा उजवा पाय आपोआप खुर्चीच्या दांडीवर ताल धरायचा. मुंगीच्या सात दशांश मागे. पाच. मग चार. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली असताना तिने शेवटची फेरी सुरू केली आणि श्वास रोखून संपवली.

तीन दशांश मागे.

सहा वाजले आणि यादी बंद झाली. मुंगीचा निरोप आला. या वेळी त्यात चेष्टा नव्हती, नुसतं विचारलं होतं की स्टिअरिंगला काय झालं होतं. भिंगरीने लिहिलं की मजा कर, आणि फोन पालथा ठेवला.

आई दारात आली. "काय झालं?"

"पाचवी."

"आणि जातात किती?"

"चार."

आईने हात पुसायला फडकं घेतलं, हात कोरडेच होते. तेवढ्यात गाडी पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

"अगं, वेळ संपली ना?"

"संपली."

"वरातीमागून घोडं?"

"आई, जरा सरक. उजेड अडतोय."

आई सरकली, पण गेली नाही. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. तिला हात कळत होते, आणि मुलीचे हात आता कुठलीच जागा शोधत नव्हते. तीन फेऱ्या झाल्या. चौथी संपली तेव्हा पडद्यावर हिरवा आकडा आला. आईने चष्मा खाली घेऊन तो मोठ्याने वाचला, मग पालथा फोन उलटून यादीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला. एकदा, आणि मग खात्रीसाठी पुन्हा एकदा वरून खाली.

"हा तर दुसऱ्या नंबरच्या वर जातो," ती म्हणाली. "थांब, लिहून ठेवते."

"नको," भिंगरी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. गाडी केव्हाच पहिल्या वळणात शिरली होती. "वेळ अजून उतरेल."