दुसऱ्या भागातला आवाज

"अजून चार पायऱ्या," आईचा कोपर धरून ती हळूच म्हणाली. "मग आपली रांग."

"मोजता येतं मला. दिसत नाही, एवढंच."

दुपारच्या खेळाला निम्मं सभागृह रिकामं होतं. पुढच्या रांगांत लहान मुलं बसली होती आणि त्यांच्या डोक्यांवर दारात वाटलेले कागदी मुकुट होते. तिने आईला खुर्चीत बसवलं, पर्स तिच्या मांडीवर दिली आणि स्वतः शेजारी बसून दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. पडद्यावर काय चाललंय ते आईच्या कानात सांगायचं काम तिचं होतं.

सात वर्षांपूर्वी या परीकथेचा पहिला भाग आला, तेव्हा त्यातल्या मेंढ्या राखणाऱ्या मुलीची सगळी गाणी तिने गायली होती. मूळ चित्रपट परदेशी. पण तिच्या भाषेतली मुलं त्या मुलीला तिच्याच आवाजाने ओळखायची. आईने चाळीस वर्षं गाण्याचा क्लास चालवला होता आणि त्या क्लासात कौतुकाची पद्धत नव्हती. पहिला भाग ऐकून घरी आल्यावर 'बरं झालंय' म्हणून ती भाजी निवडायला बसली होती.

दीड वर्षापूर्वी लेकीच्या स्वरतंतूंवर गाठ आली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईल. गाण्याचं विसरा." आईला तिने पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

दुसऱ्या भागाची बातमी आईनेच रेडिओवर ऐकली. "तुला बोलावलं असेलच," ती म्हणाली, आणि हिच्या तोंडून 'हो' निघून गेलं. बोलावलं होतं, तेही खोटं नव्हतं. स्टुडिओवाल्यांनी जुनी ओळख ठेवून तिला कचेरीत घेतलं होतं, गायकांच्या तारखा लावायला. आपल्या जागी गाणाऱ्या नव्या मुलीला फोन करून तारीख तिनेच ठरवली. ती मुलगी काचेपलीकडे गायची, तेव्हा ही तिच्यासाठी कोमट पाणी भरून ठेवायची. संध्याकाळी आई विचारायची, "आज काय झालं?" आणि ही त्या मुलीचा दिवस आपला म्हणून सांगायची. कुठला अंतरा तीनदा घ्यावा लागला, कुठे ध्वनिमुद्रक चिडला, सगळं. आई ते डोळे मिटून ऐकायची. नजर अधू झाल्यापासून तिच्या दिवसात तेवढाच एक तास उरला होता. हिला तो मोडवला नाही.

दिवे मंद झाले. पडद्यावर तीच मेंढपाळीण, आता राणी, गच्चीत उभी राहिली आणि पहिलं गाणं सुरू झालं. तो आवाज वरच्या स्वरांत असा गेला, जसं कुणी स्वतःच्या घरात अंधारातही न चाचपडता वावरावं. कचेरीच्या काचेतून तो इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता. आईची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरून होती. दुसऱ्या ओळीला बोटं थांबली. पुढचे दोन तास आई हनुवटी वर करून नुसती ऐकत राहिली.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या दालनात कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तिने दोन कॉफी आणल्या आणि आईचा हात कपाच्या कानाला लावून दिला.

"गोष्ट फार पातळ आहे," आई म्हणाली. "मागच्या वेळी त्या पोरीला काहीतरी हवं होतं. आता सगळंच मिळालंय, मग आणा एक चेटकीण आणि करा उभी. ती कशासाठी एवढी चिडलीय, कळलं तुला?"

"नाही."

"मलाही नाही. आणि गाणी किती ती! साधं जेवायला बसायचं तरी गाऊन. पाठोपाठ दहा गाणी आली की एकही लक्षात राहत नाही."

"लहान मुलांसाठी आहे गं."

"मग? लहान मुलांना काय कान नसतात?"

तिला हसू आलं. क्षणभर वाटलं, निभावलं.

"राणी आपल्या जुन्या झोपडीत जाते ना, तो भाग मात्र चांगला," आई म्हणाली. "तू सांगितलंस, मुकुटामुळे तिला दारातून आत जाता येत नाही. आणि तिथं गाणं नाही. नुसता वारा. ज्यानं कुणी ते केलं, त्याला अक्कल आहे. तेवढ्यासाठी पुन्हा बघेन मी."

"आणि गाण्याचं?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण सात वर्षं ते जिभेवर होतं.

आईने कप खाली ठेवला.

"शेवटचं गाणं दोन्ही भागांत तेच आहे. मागच्या वेळी 'डोंगरा' म्हणायच्या आधी तू श्वास घेतला होतास. ओळ तुटली होती. ही घेत नाही."

बाजूच्या टेबलावर एक मुलगी आईस्क्रीमसाठी रडत होती. तिने त्या मुलीकडे पाहिलं, मग आपल्या कपाकडे.

"कधीपासून गात नाहीस?" आईने विचारलं.

"ऑपरेशनपासून."

"मग रोज मला सांगायचीस ते?"

"तिचं होतं सगळं."

आईने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवत राहिली, जणू तिथे काही सांडलंय का ते बघत होती.

"चांगली आहे ती," शेवटी म्हणाली. "तुझ्याहून चांगली. खोटं कशाला बोलू?"

"मला माहितीय."

आईने हात पुढे केला. खांदा सापडला, मग मान. दोन बोटं तिने लेकीच्या गळ्यावर ठेवली.

"एक स्वर लाव."

"आई, इथं? लोक आहेत."

"लाव."

तिने तोंड उघडलं. आधी काहीच आलं नाही, मग कागद फाटावा तसा एक आवाज आला आणि लगेच त्याची नुसती हवा झाली. रडणारी मुलगी रडायची थांबून तिच्याकडे बघू लागली. आईची बोटं तिथेच होती. हवा संपली, तरी ती बराच वेळ तिथेच होती. मग आईने हात काढून घेतला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवला.

"तुझ्या आवाजात ना," ती म्हणाली, आणि थांबली.

लेक वाट पाहत राहिली. आईचे ओठ हलले, पुन्हा मिटले. तिने कप उचलला, रिकामा लागला तसा ठेवून दिला.

"जाऊ दे. आता त्याचं काय."

पुढच्या खेळाची दारं उघडली. मुलांचा एक मोठा लोंढा ओरडत, एकमेकांना ढकलत दालनातून आत जायला निघाला. भिंतीवरच्या कर्ण्यातून तेच शेवटचं गाणं सुरू झालं.

"सांग ना," ती म्हणाली.

आई किंचित पुढे झुकली. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

तिने घसा खाकरला. आई कान देऊन बसली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "अजून एक कॉफी घेणार का, विचारत होते."