बाबाकोच्या पानातला सांधा

पानं मी गोळा केली. पातातेच्या हरितगृहांमध्ये घाम गाळला तो मी. आणि विषाणू सापडला कुणाला, तर सोराइदाला.

बाबाको म्हणजे आमच्याकडचं पपईचं भावंड. त्याची पिवळी पडलेली पानं मी वर्षानुवर्षं तपासत होते, पण आमच्या जुन्या चाचण्यांत ओळखीचे विषाणू तेवढे सापडायचे. ही बाई ग्वायाकिलहून आली, माझ्याच पानांतला सगळा जनुकीय मजकूर यंत्रावर वाचून काढला, आणि कुणाशीच न जुळणारा विषाणू दाखवून मोकळी झाली. नवी जात ठरली, की नाव ठेवायचा मान तिचा. माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

बैठकीत साखर भुरभुरलेल्या एम्पानादा, म्हणजे आमच्या करंज्या, खाता खाता मी म्हणाले, "डॉक्टर, हा नवाबिवा काही नाही. दोन जुन्या विषाणूंचे तुकडे संगणकाने चिकटवलेत. धड एकाचं, शेपूट दुसऱ्याचं."

असं होतं कधीकधी. आमचे प्रमुख डॉक्टर आनिबाल बोटांची साखर झटकत म्हणाले, "मग दाखव सिद्ध करून, यादिरा."

"कर गं बाई," सोराइदा म्हणाली. "मलाही तीच धास्ती आहे."

तिचं ते गोड बोलणं ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं.

मी पुन्हा मूळ पानापासून सुरुवात केली. जिथे सांधा असल्याचा संशय, तिथल्या जनुकीय तुकड्याच्या लाखो प्रती पानातूनच काढायच्या आणि जेलच्या, म्हणजे पारदर्शक लगद्याच्या, वडीवर बघायच्या. चिकटवाचिकटवी असेल तर तसा तुकडा पानात नसणारच, आणि जेलवर काही उमटणार नाही. जीव ओतून काम केलं. दिव्याखाली जेल धरलं तर अखंड तुकडा जिथे उमटायला हवा, नेमकी तिथेच ठसठशीत पट्टी. दुसऱ्या झाडाचं पान घेतलं, तरी तीच. विषाणू अखंड होता, आणि नवाच होता.

फोटो सोराइदापुढे टाकला. ती मटकन स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली.

"या शोधावरच्या माझ्या लेखाच्या परीक्षकांनी हाच पुरावा मागितला होता," ती म्हणाली. "माझ्या हातून जमतच नव्हतं गं. दर वेळी जेल कोरं. आज लेख मागे घेणार होते, दावाच सोडून देणार होते."

तिने मला मिठी मारली. म्हणजे मी नुसती गप्प बसले असते, तरी माझं काम झालं असतं.

"अभिनंदन," मी म्हणाले.