घासूनपुसून ठेवलेला घाणा

मित्रांनो, मी एक जुना तेलघाणा आहे. 'जुना' हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण माझ्या अंगावर डकवलेल्या चिठ्ठीवर 'नवा, न वापरलेला' असे लिहिले आहे. ती चिठ्ठी खोटी आहे. पण ती फाडायला मला हात नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात पोलादी मळसूत्र, डोक्यावर बिया ओतायचे नरसाळे, बाजूला मोटर आणि अंगाला हिरवा रंग. जंगलाकाठच्या एका आदिवासी वस्तीने स्वतःचा धंदा उभारावा म्हणून सरकारने अनुदान मंजूर केले आणि त्याच्या पहिल्या हप्त्यातून मी आलो. दुसऱ्या हप्त्यातून बाटल्या आणि बाजारात एक लहानसे दुकान व्हायचे होते. अट एकच होती. तपासणीत मी वापरात असल्याचे दिसले पाहिजे, नाहीतर मला परत न्यायचे.

त्याआधी वस्तीतल्या बायका जंगलातून बिया वेचून व्यापाऱ्याला कवडीमोलाने विकत. तो भाव पाडायचा, वर डोळे वटारायचा. हे थांबवायचेच, असा चंग बांधला तो कारभारणीने. ती गटाची प्रमुख. नवऱ्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कामाला लावते म्हणून तिच्या जावेने हे नाव ठेवले आणि ते तिला चिकटले.

माझ्या पोटातून पहिले तेल आले तेव्हा कारभारणीने ते ओंजळीत धरून हुंगले. "सासूबाई, आता व्यापाऱ्याच्या पाया पडायला नको," ती म्हणाली.

"आधी माझ्या पायांना तर लाव," म्हातारीने भेगाळलेल्या टाचा पुढे केल्या. सगळ्याजणी खो खो हसल्या. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

तीन हंगाम मी राबलो. गिऱ्हाइके आपापली भांडी घेऊन यायची आणि तेल दारातच खपायचे. पेंड शेळ्या खायच्या. पोरे माझ्या तोटीखाली बोट धरून पळायची.

मग तपासणीचा निरोप आला, तोही नेमका हंगाम संपल्यावर. झाडे बोडकी झाली होती, शेवटचा थेंबही विकून झाला होता. पण कारभारणीला त्याची चिंता वाटली नाही. सरकारने विश्वासाने दिलेली वस्तू साहेबांना नीटनेटकी दिसावी, एवढाच तिला ध्यास. सगळ्याजणी पदर खोचून कामाला लागल्या. गरम पाणी आणि राख घेऊन त्यांनी माझ्या अंगावरचा तेलाचा थर खरवडून काढला, तेलकट भिंतीला चुना फासला. जावेने मला नवा हिरवा रंग दिला. नटायला कोणाला आवडत नाही? मीही ऐटीत उभा राहिलो.

साहेब वाईट नव्हते. माझ्याभोवती फिरून म्हणाले, "छान ठेवलाय."

"तळहाताच्या फोडासारखा जपलाय, साहेब!" कारभारीण फुलून म्हणाली.

"म्हणजे चालवलाच नाही का?"

"अहो, चालवला ना! तीन हंगाम."

"मग तेल दाखवा."

"विकलं की."

"बिया?"

"आत्ता कुठल्या बिया? झाडं बघा ना बाहेर."

त्यांनी मोटर सुरू करायला लावली. वेळच्या वेळी वंगण मिळालेली माझी मोटर मंद गुणगुणली. "नवीच आहे," साहेब म्हणाले.

"नवी कसली? कालच आम्ही रंग दिलाय तिला!" जाऊ घाईने बोलून गेली.

"रंग देऊन काय झाकताय?" साहेबांचा आवाज बदलला.

तेवढ्यात सासूबाई खाटेवरून काठी टेकत आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही पाय साहेबांपुढे पसरले. "टाचा बघा, बाबा. एक तरी भेग दिसते का?"

साहेबांनी अवघडून नजर वळवली.

मला न्यायला ट्रक आला. हमाल मला उचलत असतानाही कारभारीण माझ्यावरची धूळ पदराने पुसत होती. "जपून हो," ती म्हणाली, "खरचटेल."

आता मी सरकारी गोदामात गंजतो आहे. खिडकीतून बाजार दिसतो. गेल्या हंगामात कारभारीण व्यापाऱ्याच्या काट्यासमोर दिसली. त्याने सांगितला तो भाव तिने मुकाट्याने घेतला. तिला गप्प राहिलेले मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. मला रडता आले असते तर मी रडलो असतो.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, असे माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मला ते सांगवत नाही. एवढेच मागतो. मोठेपणी तुमच्यावर कोणाची तपासणी करायची वेळ आली, तर नुसते बाहेरून पाहू नका. आत हात घाला आणि बोटे हुंगून पाहा. माझ्या मळसूत्राच्या तळाशी, जिथे घासताना बायकांचा ब्रश पोचला नाही, तिथे अजून थोडा तेलाचा वास आहे. रोज तो थोडा उडतो. एक दिवस तो संपेल, आणि मग चिठ्ठी खोटी आहे हे सांगायला माझ्यापाशी काहीच उरणार नाही.