तीन हाका

"यातली सून म्हणजे मीच ना?" वहिनीने कागद टेबलावर ठेवले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर मिठाची बरणी ठेवली.

नणंद दारातच थांबली. इस्पितळातल्या एक्स-रे विभागातली पाळी संपवून ती नुकतीच घरी येत होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मासिकाचं पाकीट फोडलेलं तिला तिथूनच दिसलं. बावीस वर्षं लोकांची हाडं बघता बघता तिने वह्यांमागून वह्या भरल्या होत्या. छापून येणारी ही पहिलीच गोष्ट. शेवटची नजर टाकायला संपादकांनी पानं पाठवली होती. दुरुस्त्या आज पाचच्या आत फोनवर कळवायच्या होत्या. चार वाजून गेले होते.

"गोष्ट आहे ती, वहिनी. गोष्टीतली माणसं खरी नसतात."

"हो का? मग त्या म्हाताऱ्याचा चष्मा दोऱ्याने कसा बांधलाय? बाबांचा होता तसा?"

वर्तमानपत्र फक्त कपाटात अंथरायला लागतं, असं मानणारी ही बाई आज ओळीखाली बोट धरून वाचत होती. "'म्हाताऱ्याने पाण्यासाठी तीनदा हाक मारली. सून फोनवर हसत होती.' मी त्या दुपारी कारखान्यात शिवणयंत्रावर होते, ताई. घरात तुम्ही होतात. हाका कुणाला मारल्या, तेही मला ठाऊक आहे."

"मी कुठे तुमचं नाव घेतलंय?"

"नाव कशाला लागतंय? तुमच्या दादांनी बहिणीची गोष्ट छापून येणार म्हणून अख्ख्या ऑफिसला सांगून झालंय. ते वाचतील आणि मग जन्मभर माझ्याकडे कसं बघतील?"

'सून फार जिवंत उतरली आहे,' असं संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, आणि त्या एका वाक्यावर नणंद महिनाभर तरंगत होती. आता तेच वाक्य आठवून तिला स्वतःची शरम वाटली.

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. कितीतरी दिवसांनी तिला सुचत होतं, हात थांबत नव्हता. आतून बाबांची हाक आली, तिने "आले" म्हटलं. दुसरी आली तेव्हा परिच्छेद संपत आला होता. तिसरीला ती चिडली आणि पेन आणखी दाबून लिहू लागली. मग धाडकन आवाज झाला. बाबा स्वतःच पाण्यासाठी उठले होते. तासाभराने त्यांच्या खुब्याचा एक्स-रे तिनेच काढला. "हलू नका, बाबा," ती म्हणाली, अगदी रोजच्या पेशंटला म्हणायची त्याच आवाजात. बाबांनी हाकच मारली नाही, असं तिने दादाला सांगितलं. तीन आठवड्यांत बाबा गेले. गोष्टीत तिने हाका आणल्या खऱ्या, पण खापर सुनेच्या डोक्यावर फोडून स्वतः नामानिराळी राहिली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"बाबांनीच. इस्पितळात. म्हणाले, ती लिहीत होती गं, मीच उगाच हाका मारत बसलो. दादाला बोलू नकोस म्हणाले. दोन वर्षं मूग गिळून बसले ना मी?"

ती खुर्ची ओढून बसली. बाबांना कळलं होतं, आणि तरी शेवटपर्यंत ते तिला काही बोलले नव्हते.

"काढून टाकते ते सगळं," ती म्हणाली.

"काढू नका." वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हाका मारल्या होत्या त्यांनी."

घड्याळात पावणेपाच झाले. नणंदेने पेन्सिल घेतली, समासात दोन शब्द लिहिले, खोडले, मग पूर्ण ओळ लिहिली. मग तिने फोन लावला.

"सून काढायची?" संपादक वैतागले. "अहो, गोष्ट तिच्यावरच तर उभी आहे!"

"तिथे मुलगी करा."

"बरं, मुलगी. मुलगी फोनवर हसत होती..."

"नाही. लिहून घ्या, सांगते." तिने कागदावरचं सांगितलं. पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग संपादक हळूच म्हणाले, "घेतलं लिहून."

साडेपाचला दादा आला. "आली का पानं? दे इकडे!"

"मीच वाचते, दादा."

तो बुटाची नाडी सोडत ऐकू लागला. चष्म्याचा दोरा आला तेव्हा हसला. हाका आल्या तेव्हा त्याचे हात नाडीवरच थांबले.

"बाबांनी हाक मारली होती?"

तिने होकाराची मान हलवली. तो खाली नाडीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "पुढे वाच."

पुढच्या ओळीशी ती थांबली. वहिनीने तिच्या हातातून कागद घेतला, समासातल्या पेन्सिलच्या ओळीखाली बोट धरलं आणि एकेक शब्द लावत वाचलं, "'मुलगी लिहीत होती. तिला तिन्ही हाका ऐकू आल्या.'"