पायाशी लावलेली वीट

धारमधल्या निम्म्या बाळंतिणींनी सुमंगलाबाईंच्या हातचा शेक घेतलेला. त्या बाबतीत बाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. आणि आज ऐन पौषात त्यांची स्वतःची लेक, इंदू, टेबलावर आडवी. दोन दिवस अडलेलं मूल आता पोट चिरूनच काढायचं, असं देवासहून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी इंदूच्या पाठीत सुई टोचून कमरेखालचं अंग बधिर केलं. एकोणीसशे बारा सालची गोष्ट. असलं काही धारमध्ये कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. सुमंगलाबाईंना एवढंच कळलं, की सुरी चालली तरी लेकीला ती जाणवणार नाही.

पण इंदूला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, टेबल करकरायला लागलं.

"ही अशी हलत राहिली तर मी सुरी चालवू कशी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला ऊब द्या, लवकर."

सुमंगलाबाईंनी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून लेकीच्या टाचांशी लावली, वर दुलई टाकली.

"भाजतंय का गं?"

"काहीच लागत नाही, आई."

चाळीस वर्षं त्या याच उत्तरावर चालत आल्या होत्या. बाळंतीण नाही म्हणाली की वीट आणखी गरम हवी. त्यांनी दुसरी आणली, फडक्याची एक घडी कमी केली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग तिसरी. हळूहळू हुडहुडी ओसरली आणि बाई मनातून फुशारल्या. एवढी शिकलेली डॉक्टरीण, शेवटी तिचं अडलं ते आपल्यापाशीच.

मुलगा झाला, खणखणीत रडला. टाके घालून डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या.

सुमंगलाबाईंनी वीट काढायला दुलई उचलली. फडकं निघेना. जरा ओढलं, तर त्याच्याबरोबर टाचेची कातडी आली. औषधांच्या उग्र दर्पात त्यांना जळका वास आलाच नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती बाळाच्या जावळावरून बोट फिरवत होती.

"आई, पाय अजून माझे वाटतच नाहीत. कधी गं जाग येईल त्यांना?"

सुमंगलाबाईंनी दुलई पुन्हा टाचांवर ओढली. डॉक्टरीणबाईच दारातून, हात पुसत, खुशीत म्हणाल्या, "येईल की, तासाभरात."

सुई टोचल्यापासून सुमंगलाबाई गडकालिकेला विनवत होत्या, माझ्या लेकीच्या पायांत पुन्हा जीव येऊ दे. आता दुलईचं टोक मुठीत धरून त्या पुटपुटत होत्या, एवढ्यात नको, माते, एवढ्यात नको.